अक्काचं बटन

भाची स्वातीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात बँकेत पासबुक भरून घ्यायला उभी होते. "मावशी, आई गेली... सकाळी छातीत दुखलं, तेवढंच." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि पासबुक भरून घेतलं. आज आठवलं तरी कळत नाही, बहीण गेल्यावर कोणी पासबुक भरतं का! पण मी भरलं. फैजपूरला पोचले, तिला पोचवून आले, तेराव्यापर्यंत आल्यागेल्याचा चहा केला, आणि डोळ्यांतून टिपूस नाही. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मलाही स्वतःची भीती वाटू लागली होती.

अक्का माझ्यापेक्षा मोठी आणि तोंडाने फटकळ. दाजी गेल्यावर केळीचा बाग तिने अंगावर घेतला आणि केस पांढरे झाल्यावर गाडी शिकली. मग मलाही शिकवली. "धुळ्याची मास्तरीण, पण बसायची मागच्याच सीटवर!" हे तिचं नेहमीचं. दाजींच्या वेळी तीही रडली नव्हती. वर्षभराने आम्ही यावलहून येत होतो, तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "थांब वं जरा. आता रडते थोडी." रडली, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा गाडी हाकू लागली.

तिच्या शिकवणीतला एक दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. बागेतला पाइप फुटून वाटेवर गाळ झाला होता आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं. काळ्या मातीत पुढची चाकं रुतली. तिचे दीर नाना कोयता घेऊन धावत आले आणि केळीच्या खोडाचे तुकडे चाकांखाली सारले. आमच्याकडे जेवायला केळीचं पान, लग्नाच्या दारात केळीचे खांब, आणि गाडी फसली तरी केळीच! त्या ओल्या, चिकट खोडावरून चाक असं सटकलं की नानांचा पांढरा सदरा ओळखू येईना. अक्का पोट धरून हसली, मग शेजारच्या बांधावरून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणून चाकांपुढे टाकल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी जोर लावत होते, गाडी मात्र जागच्या जागी मलूल होत होती. "काय करू राह्यली वं? ते बटन दाब. चाक सरकलं का हे गाडीच जोर कमी करते. रस्त्यावर ते चांगलं, पण गाळात थोडं सरकू द्याच लागते." मी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटन दाबलं, पिवळा दिवा लागला. हळूच गॅस दिला, चाकं जरा फिरली, पऱ्हाट्या कडकडल्या आणि गाडी बाहेर आली. डांबरी लागताच अक्काने दुसरा गिअरही टाकू दिला नाही.

"बटन?"

मी पुन्हा दाबलं, दिवा गेला.

"हां. चाल आता. इथं बंद राह्यलं आन् ओल्या वळणावर घसरली, तर कोणाले सांगशील?"

त्यानंतर किती वेळा गाळात गेलो, पण डांबरीवर तिचं "बटन?" कधी चुकलं नाही.

तेराव्यानंतर स्वाती म्हणाली, गाडी तूच ने मावशी, मला चालवता येत नाही. गाडी बागेतच उभी होती आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता. बागेच्या वाटेवर, त्याच जागी, गाडी फसली. नाना पुन्हा केळीचं खोड घेऊन हजर! मी म्हणाले, "नाना, पऱ्हाट्या आणा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोड खाली टाकलं आणि पऱ्हाट्या आणल्या. बटन दाबलं, हळूच गॅस दिला, निघाले. नानांनी हात केला, मीही केला.

यावल मागे पडलं. रस्ता ओला होता, ट्रक अंगावर पाणी उडवत जात होते आणि मी नुसती चालवत होते. पुढच्या वळणावर चाक किंचित सरकलं... तेव्हा समोरचा पिवळा दिवा दिसला. इतका वेळ तो लागलेलाच होता आणि मला कोणी विचारलंच नव्हतं.

"बटन?" माझ्याच तोंडून निघालं, तिच्या सुरात.

मी दाबलं. दिवा गेला. आता "हां, चाल" येईल म्हणून कान देऊन बसले. मग गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि रिकाम्या सीटला म्हणाले, "थांब वं जरा."