दारची कोरांटी

आमच्या दारची कोरांटी कंबरेच्या वर कधी गेली नाही. काटेरी झुडूप, तेही रानातलं. मीच शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून उपटून आणलेलं. गावात लोक हौसेनं गुलाब लावतात, उन्हाळ्यात बादल्या ओततात, तरी तो मरतोच. कोरांटीला मी भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा रोज दिलं नाही. पण दिवाळीच्या सुमाराला पिवळ्या फुलांनी अशी भरायची, की रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून फांदी मागायच्या. शेळ्याही तिच्या वाटेला जात नसत. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या. माझं म्हणावं असं ते एकच होतं.

यंदा कळ्या धरल्या आणि शेंड्यांवर मावा पडला. मी दिवसभर कपाशी निंदून आलेले, कंबरेचे पार तुकडे झालेले. तरी कोपऱ्यातला फवारणीचा पंप उचलला, आत न बघताच पाणी आणि माव्याचं औषध टाकलं आणि पानन् पान भिजवलं. आठवड्याभरात झुडूप पिवळं पडलं, मग वाळून काटक्या झाल्या. मुळासकट गेलं.

माय वं! नवऱ्यानं त्याच पंपानं धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं, आणि ते तळाशी तसंच राहिलं होतं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "पंप धुऊन ठेवाले काय हात झडले होते तुमचे?" तीन दिवस त्यांना धड वाढलं नाही. आल्यागेल्या बाईला सांगितलं, या माणसानं माझी कोरांटी मारली. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

चौथ्या दिवशी भांडी घासता घासता आठवलं आणि हात थांबला. ते तणनाशक मारून आले तेव्हा पंप त्यांनी माझ्याच पुढ्यात ठेवला होता. "सोड्यानं धुऊन ठेवजो," म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मी हो म्हटलं होतं. पण त्या दिवशीही निंदूनच आलेले, अंगात त्राणच नव्हतं. तसाच कोपऱ्यात लोटला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठून तशीच त्यांच्यापाशी गेले. "तुमाले तर ठाऊक होतं. मंग बोलले काहून नाही?"

ते दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय बोलू? त्या दिवशी तू उभ्या उभ्या झोपून राह्यली होती."