घराचा ठिपका

मी वॉशिंग मशीन, मिक्सर, मायक्रोवेव्ह दुरुस्त करतो. ताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मशीन बिघडलंय म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मागचं झाकण काढलं, पट्टा पाहिला, मोटर पाहिली, सगळं ठणठणीत. पुढचं फिरवायचं बटण मात्र लोकरीच्या कपड्यांवर. मी वैतागून म्हणालो, "बाई, मशीन ठीक आहे. चूक तुमची आहे."

"मशीन ठीक असतं तर मी चुकलेच नसते," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. हे बटण नुसतं गोल गोल फिरतं. मोजायला सुरुवात कुठून करू?"

तेव्हा कुठे मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

त्या मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. चाळिशीच्या आतच नजर गेली, आधी कडेकडेची, मग मधली. बोटं मात्र काज-बटणांवर तयार झालेली. त्यांनी माझ्याकडचा घट्ट वाळणारा गोंद मागून घेतला, काडीच्या टोकानं एक थेंब बटणावर ठेवला आणि एक त्याच्या समोर मशीनच्या अंगावर. वाळल्यावर दोन्ही ठिपके समोरासमोर आणून म्हणाल्या, "हे घर. हाताला घर सापडलं की बाकीचं तो आपोआप मोजत जातो."

तिथून नऊ वर्षं आम्ही दोघं घरोघर फिरलो. ज्यांना दिसत नाही किंवा अगदी कमी दिसतं, त्यांच्या मशीनला, शेगडीला, इस्त्रीला ताई ठिपके द्यायच्या. मला हौस फार. मी म्हणायचो, प्रत्येक बटणाला एकेक देऊन टाकू. त्या खेकसायच्या, "मिस्त्री, ठिपके द्यायचेत, मशीनला पुरळ आणायचं नाहीये. घर द्या, थांबायचं बटण द्या, बास." आणि काम झालं की घरातल्या डोळस माणसाला डोळे मिटून एकदा कपडे धुवायला लावायच्या. भल्याभल्यांची भंबेरी उडायची. एका सूनबाईंनी डोळे मिटून अर्धा डबा साबण बुटांच्या कपाटात ओतला होता.

ताईंच्या घरात त्यांचा भाचा होता. धाकटी बहीण गेली तेव्हा सहा वर्षांचा पोर त्यांनी पदराखाली घेतला. त्याला अक्षरं आली तसं तो त्यांना डब्यांवरची नावं वाचून दाखवायचा. ठिपका कसा ठेवायचा, थेंब केवढा घ्यायचा, हेही त्यांनीच त्याला शिकवलं. पुढे तो इंजिनियर झाला आणि घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. एक दिवस आला तो उडतच. "मावशी, अंधांसाठी मशीन काढतोय आम्ही. तुझ्याशिवाय जमणार नाही."

दीड वर्ष ताई त्या कंपनीत जात होत्या. मीही सोबत जायचो. गुळगुळीत खुर्च्या, गार खोली, आणि समोर सगळं आमच्या डोक्यावरून जाईल असं बोलणारी माणसं. ताईंचं मागणं एकच होतं. वरची काच सपाट असेल तर असू दे, पण त्यावर एक उठलेला ठिपका हवा. घर हवं. ते नसेल तर बाकी सगळं फुकट. शेवटी भाच्यानं काचेचा नमुना आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ताईंनी बोट फिरवलं. ठिपका होता. त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग मलाच ओरडल्या, "बघताय काय, चहा ठेवा!"

दुसऱ्याच दिवशी कंपनीनं त्यांचा आवाज भरून घेतला. मशीन बोलणार होतं, ताईंच्या आवाजात. "आधी घरावर बोट ठेवा. तिथून उजवीकडे या." ताईंनी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, "एवढ्यात नवीन मशीन घेऊ नका. माझं मशीन येतंय." जन्मात कशाला 'माझं' न म्हणणारी बाई.

मशीन बाजारात आणायचा समारंभ एका मोठ्या हॉलमध्ये होता. ताई स्टेजवर, मी खाली पहिल्या रांगेत. मागे भिंतभर अक्षरं होती, 'तुमच्या हाताचं घर'. शब्दसुद्धा त्यांचाच उचललेला. मशीनवरचं कापड निघालं. ताईंनी तिथूनच हाक मारली, "मिस्त्री, ठिपका आहे ना?"

काचेवर टपोरा, गोल ठिपका दिसत होता. मी ओरडून सांगितलं, "आहे, ताई!"

त्यांनी फक्त फोटोला उभं राहायचं, असं ठरलेलं होतं. पण त्या पुढे झाल्या आणि त्यांनी हात काचेवर ठेवला. डावीकडून उजवीकडे नेला. परत आणला. टाळ्या चालूच होत्या. भाचा त्यांच्या कानाशी लागला, "मावशी, हस ना जरा, फोटो काढतायत." मी धडपडत वर गेलो आणि जवळून पाहिलं. ठिपका छापलेला होता. फोटोत उठून दिसावा म्हणून खाली बारीकशी सावलीही काढलेली. नख लावलं तर नख सरळ घसरत गेलं.

"त्या नमुन्यावर होता की रे," ताई हळूच म्हणाल्या.

"तो मी लावला होता, मावशी. गोंदानं. खरा करायचा तर साचाच बदलावा लागला असता. वरचे लोक तयार नव्हते. पुढच्या मॉडेलमध्ये नक्की."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुझा आवाज भरायच्या आधीपासून."

याला केसानं गळा कापणं म्हणतात. त्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायची सोय नव्हती, म्हणून यानं बोटांत फेकली. तीही तिनंच शिकवलेल्या हातानं.

घरी आल्यावर ताई रडल्या नाहीत. त्यांनी फोन घेतला आणि एकेकाला कळवायला लागल्या, मशीन घेऊ नका. पाचव्या दिवशी भाचा आला. मी तिथंच त्यांच्या मिक्सरचं पातं बदलत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, हे फोन बंद कर. वर समजलंय. माझी नोकरी जाईल. सहा महिने गप्प राहा, मी करून घेतो सगळं."

ताई काही बोलायच्या आत फोन वाजला. एक निवृत्त मास्तर होते. साखरेच्या आजारात दोन्ही डोळे गेलेले, एकटेच राहणारे. ताईंचा निरोप पोचायच्या आत त्यांनी मशीन घेतलं होतं. ताईंनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"ताई, एक विचारू का?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "तुमचा आवाज सांगतोय, घरावर बोट ठेवा. मी सकाळपासून शोधतोय. काही लागतच नाही हाताला. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात बोटांची जाणीवही जाते. ती गेली का हो माझी?"

ताईंनी फोन भाच्यापुढे धरला. "घे. तू सांग त्यांना."

त्यानं फोन हातात घेतला.

"ताई? आहात ना?" मास्तर विचारत होते.

भाच्यानं फोन मांडीवर उतरवला. ताईंनी चाचपडत त्याच्या हातातून फोन परत घेतला.

"तुमची बोटं शाबूत आहेत, मास्तर," त्या म्हणाल्या. "तिथं ठिपकाच नाहीये. मी खोटं बोलले."

'मी' म्हणाल्या. समोर बसलेल्याचा उल्लेखही केला नाही. मला त्याचा राग आहेच, पण त्या एका शब्दासाठी ताईंचाही अजून येतो.