पाण्यातून जाताना

"छातीत पाणी झालंय," एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या सासूबाईंचा चेहरा उजळला. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

कारण सांगते. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नव्या वर्षाच्या सकाळी प्रत्येक जण डब्यातून एक चिठ्ठी काढतो. तिच्यावर शास्त्रातलं वचन असतं, तेच त्याचं वर्षभराचं. माझ्या नवऱ्याला, म्हणजे यांना, जुन्या करारातलं, यशया संदेष्ट्याचं आलं होतं. पाण्यातून चालशील तेव्हा देव सोबत असेल, तू बुडणार नाहीस, अशा अर्थाचं. लोक हसले होते. लातूरच्या विहिरींनी तळ गाठलेला, बुडायला पाणी होतं कुठे? ते पाणी सासूबाईंना आता यांच्या एक्स-रेत दिसलं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. हे, म्हणजे शमुवेल, कलेक्टर कचेरीत कारकून. दिवसभर जुन्या जिल्ह्यातून आलेले फायलींचे गठ्ठे उचलायचे आणि घरी आले की टँकरवरून घागरी आणायच्या. जिना चढताना धाप लागायची. मी म्हणायची, दुष्काळानं सगळ्यांचीच दमछाक केलीय. पुढे आडवं झालं की श्वास कोंडू लागला, म्हणून भिंतीला टेकून झोपायचे. मी आपल्या दोन उशा वाढवल्या. तुमच्या घरात कुणाला आडवं झोपता येत नसेल तर माझ्यासारख्या उशा वाढवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक्स-रे काढून लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. एसटीत चार तास, मग बाकावर अख्खी दुपार. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायट्रल स्टेनोसिस. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची एक झडप आवळत गेलेली. रक्त पुढे सरकत नाही आणि फुफ्फुसात पाणी साठतं. लॅसिक्स सुरू झाली, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी. प्यायला दिवसाला चारच पेले. शेजारणीला वाटलं, आम्ही टंचाईपायी नवऱ्यालाही मापून पाजतो.

"गोळीनं पाणी उतरेल, झडप उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात हैदराबादला ऑपरेशन करून घ्या." त्यांनीच पत्र लिहिलं आणि तारीख आली. सोबत संमतीचा कागद, माझ्या सहीसाठी.

आठ दिवसांत यांची धाप थांबली, उशा निघाल्या. सासूबाई भर देवळात उभ्या राहून रडल्या.

"देवानं पाण्यातनं काढलं माझ्या लेकराला. आता छाती कशाला फाडायची? वचनावर इश्वास न्हाई का तुमचा?"

यांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी हैदराबादला कार्ड टाकलं. तब्येत सुधारली आहे, येत नाही.

पावसाळा कोरडाच गेला. दसऱ्याआधी हे कचेरीतच कोसळले. नांदेडच्या वॉर्डात नाकाला ऑक्सिजनची नळी, तोंडाला गुलाबी फेस. डॉक्टर म्हणाले, "तेव्हा का नाही गेलात? आता या हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही." देवाचा इतका राग आला की प्रार्थनेला शब्द फुटेना.

तिसऱ्या दिवशी यांनी आईचा हात धरला. "आई, पाण्यातनंच चाललोय मी. भिऊ नगं. त्यो हाय सोबत."

दुपारी गेले.

माती झाल्यावर आठवडाभर मी मनातल्या मनात रोज सासूबाईंवर खटला चालवत होते. देवानं इस्राएल लोकांना समुद्र दुभंगून दिला, पण चालावं त्यांनाच लागलं. जन्मभर शास्त्र वाचून या बाईला एवढं कळू नये? देवाच्या वचनावर माझा आजही विश्वास आहे. यांच्यासोबत तो शेवटपर्यंत होता, याबद्दल मी त्याचे आभार मानते. पण आमच्या सुटकेची वाट हैदराबादच्या त्या तारखेतून जात होती, असं मला आता वाटतं. तुम्हाला अशी तारीख मिळाली, तर वचन उराशी धरा आणि गाडीत बसा.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता सासूबाईंचे हात थांबले.

"मी मारलं का गं त्याला?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. तो सहीचा कागद डोळ्यांपुढे आला. छाती उघडणार म्हटल्यावर त्यांच्याहून जास्त मीच घाबरले होते. त्या वचनाआड मीही लपले होते, आणि सुटल्यासारखं वाटलं होतं मला.

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "कार्ड मी टाकलं."