जिजींचा एक घास

जेवण झाले की केसरजिजी जिलबीचा एक तुकडा तोंडात टाकायच्या, डोळे मिटून सावकाश चावायच्या आणि मग उठून मोरीत थुंकायच्या. चूळ भरून परत येताना चेहरा तृप्त असायचा. सारंगखेड्याच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले होते आणि जिजींच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला किळस आली. त्यांच्या ते लक्षात आले असावे.

“जिभले समजनं, बस व्हयनं,” त्या म्हणाल्या. “पोटले सांगानं नही.”

साखरेच्या आजारात डाव्या पायाचे एक बोट आधीच गेले होते. पुन्हा जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. तोवर जिजी म्हणजे भाऊबंदांत नावाजलेल्या खवय्या. यात्रेला लोक घोडे बघायला यायचे, या जिलबीची कढई बघायला जायच्या. त्या बाईने कोरा चहा, दुधीची भाजी आणि ज्वारीची भाकरी धरली. रोज तापीच्या पुलापर्यंत चालत जायच्या, आल्यावर आरसा धरून तळपाय तपासायच्या. शेजारी भजी तळायला घेतली की ओट्यावरून उठून आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

“जीभ कुत्रानामायक भुकस,” जीभ म्हणजे भुंकणारे कुत्रे, असे त्या मला सांगायच्या. “भुकू दे. पाय वाचना पाहिजे.”

जिलबीचा तो एक तुकडा मात्र सुटत नव्हता, म्हणून ही युक्ती. साखर उतरली, जखम सुकली. कसे जमवले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा जिजी तोंडाला पदर लावून नुसत्या हसल्या.

त्यांचा मुलगा दिलीप बँकेत होता. त्याला आईच्या पायापेक्षा आईच्या थुंकण्याची काळजी जास्त. “ढोरबी चावीसनी गियस,” जनावरही चावलेले गिळते, असे तो सगळ्यांदेखत म्हणायचा, “तू त्यान्हाथून गयीगुजरी.”

दिलीपच्या मुलीचा साखरपुडा घरीच झाला. मुलाकडची मंडळी विसरवाडीहून जिलबीच्या टोपल्या घेऊन आली. दिलीपने सकाळीच आईला बजावले, “आज तुन्ही थू-थू बंद. मांगली खोलीमा बस.” जिजी बसल्या. पण मुलाच्या आत्याला नवरीच्या आजीला भेटायचे होते. ती ताट घेऊन आत आली आणि जिजी नको नको म्हणत असताना तिने आपल्या हाताने जिजींच्या तोंडात जिलबी घातली.

जिजींनी चावली. मोरीकडे पाहिले, तिथे हात धुणाऱ्यांची गर्दी. शेवटी त्यांनी तोंड फिरवून घास हळूच पदरात घेतला.

“आमनं गोड थुकी दिनं?” आत्याचा आवाज मांडवापर्यंत गेला.

दिलीप धावत आला. मी सांगायला लागले की, डॉक्टरांनी… त्याने मला हाताने बाजूला केले. पाहुण्यांकडे बघून हसला, आईचा पदर उलगडला आणि म्हणाला, “खाय.”

जिजी पदर परत मिटायला लागल्या.

“यास्नं गोड शे. मान ठेव. खाय.”

दारात नवरी उभी होती. जिजींनी तिच्याकडे पाहिले. ती हातावरची मेंदी बघत राहिली. मग जिजींनी तो लगदा बोटांनी उचलला आणि सगळ्यांसमोर गिळला. कोणीतरी हसले. आत्या म्हणाली, “आता कशी शहाणी व्हयनी,” आणि दुसरी जिलबी पुढे केली. तीही त्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जिजी फिरायला गेल्या नाहीत. दुपारी मी डोकावले तर उरलेल्या जिलब्यांची टोपली मांडीवर होती. मी टोपलीला हात घातला. त्यांनी माझे मनगट धरले.

“थुकत नही मी आता, बेटा. गियी लेस.”

त्यानंतर समोर येईल ते त्या खात गेल्या. चव घेतल्यासारखेही वाटत नसे, नुसत्या गिळायच्या. आरसा कोनाड्यात पडून राहिला. टाचेला नवी जखम झाली होती, ती काळी पडली तेव्हाच घरच्यांना कळले. नंदुरबारला पाय गुडघ्यापासून काढला. घरी आणल्यावर त्या फार जगल्या नाहीत.

भेटायला आलेल्या बँकेतल्या लोकांना दिलीप डोळे पुसत सांगत होता, “सगळं करून पाहिलं. पण आईचा जिभेवर ताबाच नव्हता.”

लोकांनी माना हलवल्या. सून चहा घेऊन आली आणि बिनसाखरेचा कोणाला हवा आहे का, हे तिने सगळ्यांना अदबीने विचारले.