नगवान आणि तोफेनंतरचा रिकामा तास

नगवान खुशीत असली की जिन्यातच कळतं. सपाता फटफट वाजवत, कुणाला ना कुणाला बोल लावतच ती वर येते. रमजानातल्या त्या दुपारी तिने मला धरलं होतं.

"सोभीकाका, उठा त्या खुर्चीवरून. तुमच्यासारखी थंड माणसं भरलीत म्हणून या कचेरीची ही गत आहे. सापडली मला."

"काय सापडली? अक्कल?"

"वेळ सापडली, वेळ. मेल हलवायची वेळ."

रोजा होता, डोकं ठणकत होतं, दुपारच्या वेळी चहाशिवाय मी माणसात नसतो. पण तिचा चेहरा बघून मी उठलो. चाळिशी ओलांडलेली बाई शाळकरी पोरीसारखी उड्या मारत होती.

आमची कंपनी फर्निचर परदेशी पाठवते. इजिप्तमधल्या या दमियातमध्ये दुसरं काय करणार? इथे घराघरात कुणीतरी लाकूड कोरतं. नगवानचा बाप खुर्च्यांच्या पाठीवर गुलाब कोरायचा, आणि ती स्वतः आमच्या शोरूममध्ये सोनेरी खुर्च्यांवरची धूळ पुसायला लागली होती. एके दिवशी शोरूमचा संगणक बंद पडला. दुरुस्तीवाला येईना, तेव्हा या बाईने बापाचा स्क्रू-ड्रायव्हर आणून तो उघडला. "लाकूड काय आणि यंत्र काय, आधी कुठे अडलंय ते बघायचं," असं तिचं म्हणणं. चुकली, हात भाजले, पुन्हा शिकली, फी भरून संध्याकाळचे वर्ग केले. हळूहळू कचेरीतलं प्रत्येक यंत्र तिच्या गळ्यात पडलं. गंमत अशी की कंपनीच्या दप्तरात ती अजून 'शोरूम सेविका'च होती. दर ईदला ती विचारायची आणि दर ईदला आमचे मालक हाजी मितवल्ली म्हणायचे, "कागदाचं काय घेऊन बसलीस, बाई? काम तर करतेस ना?"

दमियातच्या लोकांच्या चिक्कूपणावर अख्खा देश हसतो. आम्ही म्हणे पाहुण्याला विचारतो, जेवणार की हलक्या पोटी झोपणार. इतरांबद्दल खोटं असेल, पण हाजींबद्दल मी शपथेवर सांगतो.

तर आमचे सगळे मेल ज्या यंत्रावर होते, ते चहाच्या खोलीशेजारच्या कपाटात धापा टाकत होतं. मेलचा प्रोग्रॅम इतका जुना, की परदेशी गिऱ्हाइकांचे मेल आमच्यापर्यंत न पोचता परत जायला लागले. रमजानच्या आधी कैरोहून एका कंपनीचे दोन सूटवाले आले. सगळ्यांची खाती क्लाउडवर न्यायची, प्रत्येक संगणकावर नवा प्रोग्रॅम घालायचा, असं सांगून त्यांनी आकडा सांगितला. हाजींनी पाणी मागवलं.

तेव्हा नगवान उभी राहिली. "मी करते. ईदच्या आत. नाही जमलं तर यांना बोलवा, आणि मी मुकाट शोरूममध्ये खुर्च्या पुसायला जाते."

"आणि जमलं तर?" हे मी विचारलं. मला जिभेवर ताबा नाही.

"तर माझं काम दप्तरात लिहायचं. जे करते तेच लिहायचं, जास्त काही नको."

हाजी म्हणाले, "बघू."

मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. एवढी पैज कशाला लावायची? आणि तिचं पहिल्यांदा फसलंच. दिवसा आम्ही सगळे कामाला बसलेले, म्हणून इंटरनेटची लाइन तुंबली आणि अर्धी खाती वर गेली, अर्धी कपाटातच राहिली. शुक्रवारी सुट्टी बघून तिने पुन्हा धरलं, तर गल्लीतली पोरं फुटबॉलची मॅच बघत होती. लाइन सगळ्या गल्लीची एकच. रात्रीची नमाज झाल्यावर बघावं, तर घरोघरी मालिका सुरू. हाजी येता-जाता विचारायचे, "शोरूमचं फडकं धुऊन ठेवू का?" ती हसायची, पण एकदा चहाच्या खोलीत तिला भिंतीकडे तोंड करून डोळे पुसताना मी पाहिलं. मी खोकलो आणि परत फिरलो.

आणि मग ती त्या दुपारी सपाता वाजवत आली. तिने माझ्यासमोर एक आलेख धरला, लाइनवर कधी किती भार असतो त्याचा.

"हा खड्डा बघा. रोज संध्याकाळी लाइन एकदम रिकामी. जणू गाव मेलं."

"दिसतंय मला. मग?"

"आता नीट बघा. कालचा खड्डा परवापेक्षा जरा उशिरा. आजचा अजून जरा उशिरा. रोज सरकतोय. काका, रोज थोडं थोडं सरकणारं काय असतं?"

मला कळायला वेळ लागला. मग अंगावर काटाच आला. मगरीबची, सूर्यास्ताची अजान. रेडिओवर रोजा सोडायची तोफ वाजते, अजान होते, आणि त्या क्षणी सगळ्या दमियातच्या हातात खजूर असतो. कुणी फोनला हात लावत नाही, कुणी काही बघत नाही. पहिली मालिका सुरू होईपर्यंत ती लाइन आमची एकट्याची.

"तोफ वाजली की सुरू करायचं, मालिकेच्या आत संपवायचं," नगवान म्हणाली. "पण एक आहे. प्रत्येकाच्या फोनवर आकडे येतील, ते त्याने तिथल्या तिथे घालायचे. म्हणजे सगळे इथे हवेत."

"इफ्तारला? घर सोडून? बाई, माझी बायको मला घरात घेणार नाही."

"तिलाही आणा. येताना बदक घेऊन या म्हणावं."

झालं. दोन दिवस कचेरीत दुसरा विषय नाही. कोण काय आणणार, यावर हिशेबनीस आणि गोदामवाले भांडले. माझ्या बायकोने कांदा भरलेलं बदक कबूल केलं, कुणी मोलोखियाची पालेभाजी, कुणी जिलबीसारखं मशब्बक. पण तोफ वाजली की बटण दाबायचं कुणी? रोजा सोडायच्या घडीला आमच्यातल्या कुणाचा हात संगणकाकडे वळणार होता? तेव्हा हिशेबाचे वस्फी हबीब म्हणाले, "मी बसतो. तुम्ही निवांत पाणी प्या." वस्फी कॉप्ट ख्रिस्ती. त्यांचाही ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, पण त्यात दिवसा खाण्यापिण्याला बंदी नव्हती, फक्त बदकाला हात लावायचा नव्हता, म्हणून बायकोने तेलातली महशी, भात भरलेल्या भाज्या, बांधून दिली होती. "सगळ्या कचेरीत आज फक्त माझंच डोकं ठिकाणावर राहणार," म्हणाले, आणि ते खरंही होतं.

राहिले हाजी. कंपनीचं नाव इंटरनेटवर त्यांच्या नावाने घेतलेलं, म्हणून शेवटचा होकार त्यांच्याच फोनवरून लागणार होता. नगवानने त्यांना चारदा बजावलं, "अजानच्या आधी या." हाजी म्हणाले, "जेवण तुमचं ना? मग येतोच."

संध्याकाळी शोरूमच्या मोठ्या टीव्हीवर तिने सगळ्यांची नावं लावली. प्रत्येक नावापुढे राखाडी ठिपका, खातं वर गेलं की तो हिरवा होणार. टेबलावर पातेली, बायका-पोरं, खजुरांची ताटं. बाहेर रस्ता सुनसान झाला. हाजींचा पत्ता नव्हता. रेडिओवर तोफ वाजली आणि वस्फींनी बटण दाबलं.

आता काय सांगू? मी या सगळ्याच्या विरुद्ध होतो. जुना प्रोग्रॅम मला पाठ होता, नवं काही शिकायची माझी इच्छा नव्हती. पण पहिला ठिपका हिरवा झाला आणि मी तोंडातला खजूर चावायचा विसरलो. दुसरा झाला. मग तीन एकदम. फोन किणकिणायला लागले, लोक एका हाताने सूप पीत दुसऱ्या हाताने आकडे घालत होते. गोदामवाल्याची बायको त्याला ओरडत होती, "अहो, सहा आहे तो, नऊ नाही." नगवान टेबलांमधून धावत होती, कुणाच्या खांद्यावर थाप, कुणाच्या डोक्यावर टपली. तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. माझ्या बायकोने तिला धरून तोंडात खजूर कोंबला.

माझं खातं हिरवं झालं तेव्हा मी टाळी वाजवली. माझी मलाच लाज वाटली.

सगळे झाले आणि शेवटी हाजींचा ठिपका राहिला. नगवान फोन लावत होती, तिकडून कुणी उचलत नव्हतं. मालिका सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. तिचा चेहरा उतरला. "हा चिक्कू माणूस सगळं बुडवणार," ती पुटपुटली. "काका, मी गेले खुर्च्या पुसायला."

"गप," मी म्हणालो आणि जिना उतरलो.

साठीला टेकलेला माणूस मी, पोटात एक खजूर, नाईलच्या काठाने धावत सुटलो. रिकामा रस्ता, पण प्रत्येक चौकात पोरं उभी, इफ्तारला घरी न पोचलेल्यांना अडवायला. एकाने माझा रस्ताच अडवला. "काका, आधी रोजा सोडा."

"सोडलाय रे बाबा, जाऊ दे."

"सोडला तरी प्या. आम्हाला पुण्य मिळू दे." चिंचेचं सरबत हातात आलंच. ते सांडत मी पुढे पळालो आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाजी कुठे असणार ते मला कळलं. जिथे जिथे फुकट सरबत, तिथे तिथे.

पुलाजवळच्या चौकात त्यांची जुनी गाडी उभी होती. पुढच्या सीटवर सरबताच्या पिशव्या, खजुराच्या पुड्या, आणि हाजी खिडकीतून हात काढून अजून एक घेत होते.

"हाजी, फोन कुठाय?"

"अरे सोभी, घे, जर्दाळूचं कमरुद्दीन सरबत घे. पाचवा चौक आहे हा. नाही कसं म्हणायचं? त्यांना पुण्य लागतं."

"फोन!"

फोन पिशव्यांच्या खाली थरथरत होता, चिकट झालेला. मी तो बाहीने पुसला आणि माझ्या फोनवरून नगवानला आकडे वाचून दाखवले.

"काका, ते शिळे झाले. पुन्हा पाठवते. थांबा. आता?"

"आले. लिही." मी एकेक आकडा ओरडून सांगितला. चौकातली पोरं आमच्याभोवती जमली होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण तीही श्वास रोखून उभी राहिली.

फोनमधून काही ऐकू येईना. मग एकदम सगळी कचेरी ओरडली. बायका जीभ हलवत झगारीतचा हर्षनाद करत होत्या, लग्नात करतात तसा. मला इतका आनंद झाला की मी हाजींच्या गळ्यात पडलो. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि शेवटचं.

हाजींना घेऊन मी परत आलो तेव्हा टीव्हीवर सगळे ठिपके हिरवे होते. खात्यांबरोबर प्रत्येकाचं काम पण दप्तरातून वर गेलं होतं, नावाखाली दिसत होतं. सोभी, निर्यात पत्रव्यवहार. वस्फी हबीब, हिशेब. मितवल्ली, मालक. हाजींनी मान डोलावत सगळी नावं वाचली. शेवटचं नाव नगवानचं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'शोरूम सेविका'.

खाणं थांबलं. ज्या बाईने ही सगळी नावं तिथे चढवली होती, तिचंच नाव असं.

वस्फी हळूच म्हणाले, "बदलून टाक ना. सगळ्या किल्ल्या तुझ्याच हातात आहेत."

"आहेत," नगवान म्हणाली. "बारा वर्षं होत्या. माझ्या हाताने बदलायचं असतं तर कधीच बदललं असतं, वस्फीभाऊ." तिने कीबोर्डवरच्या खजुराच्या बिया झटकल्या आणि तो हाजींसमोर सरकवला.

हाजी कीबोर्डसमोर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"याचे पैसे पडतात?"

"नाही, हाजी."

"अक्षराप्रमाणे वगैरे?"

"नाही."

त्यांनी एका बोटाने जुने शब्द खोडले. मग एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. आम्ही सगळे मागे उभे. 'संगणक विभाग' एवढं लिहून ते थांबले आणि वळले.

"पुढे प्रमुख लिहिलं तर?"

"तेही फुकट, हाजी," मी म्हणालो.

"मग लिहितो."

नगवान रडायला लागली. तोंड लपवून नाही, सगळ्यांसमोर, हातातल्या पावाच्या तुकड्यासकट. माझी बायकोही रडली, आणि माझ्याबद्दल विचारू नका. बाहेर कुठल्याशा खिडकीतून पहिल्या मालिकेचं संगीत आलं.

जरा वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "काका, चालतंय का बघायला एक मेल पाठवा मला."

जन्मभर मी परदेशी गिऱ्हाइकांना आदराने पत्रं लिहिली, तिला मात्र 'अगं' करूनच हाक मारली. आज मी इंजिनिअरला लावतात ती पदवी लावून लिहिलं, 'आदरणीय बाशमुहंदिस नगवान, संगणक विभागप्रमुख, बदक थंड होत आहे.' तिच्या फोनवर ते लगेच उमटलं. तिने ते दोनदा वाचलं आणि फोन हाजींपुढे धरला.

"पगारपत्रकातही आता हेच लागेल ना, हाजी?"

हाजी उरलेलं मशब्बक घरी न्यायला कागदात बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू."

"बघू कसलं, हाजी?" वस्फींनी टीव्हीकडे बोट केलं. "तुम्हीच लिहिलंय."

हाजींनी पुडीचा दोरा सोडला. वाकून पुन्हा एकदा ती ओळ वाचली, आणि "आण उद्या पगारपत्रक," म्हणत मशब्बकची पुडी नगवानच्या हातात दिली.