निवायची घाई

वाळूजच्या एका कारखान्यात मी भट्टीवर इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा पदवी नवी होती आणि तोरा त्याहून नवा. आमच्याकडे गिअरसाठीचे लोखंडी तुकडे लालभडक तापवून मऊ करत. तापवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे भट्टी बंद करून, दार न उघडता, ते आतल्या आत निवेपर्यंत थांबणं. त्याला पार दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ व्हायची.

भट्टी सांभाळायला लासूर स्टेशनकडचे एक मामा होते, कंत्राटी कामगार. घरी मेंढरं, इथं भट्टी. मोकळ्या वेळात मी त्यांना विश्व शिकवायचो. गरम ते गार होतंच, तारेसुद्धा शेवटी निवणार, असं सांगितलं की ते म्हणायचे, "व्हय, पर त्यांना कुणी घाई करत नाय."

घाई मलाच होती. एका दुपारी माल न्यायला गाडी येऊन उभी होती आणि भट्टीच्या तापमानाचा काटा अजून बराच वर. आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त तितकं लवकर निवतं, हे लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. मी दार वीतभर उघडलं आणि समोर मोठा पंखा लावला.

"सायेब, नगा. एकदम गार झालं की लोखंड कडक व्हतंय," मामा म्हणाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "मामा, हे मेंढरू नाही." माल गेला.

तिसऱ्या दिवशी सगळा माल परत आला. त्यात भोकं पाडताना गिऱ्हाइकाचे ड्रिल मोडत होते. भट्टीचं तापमान नोंदणाऱ्या कागदावरची रेघ सावकाश उतरत येऊन एका जागी धाडकन खाली गेलेली दिसत होती. मॅनेजरनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "दार कुणी उघडलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे. दार उघडणं हे कंत्राटी माणसाचं काम, हे तिथं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही. मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

जाताना ते माझ्याकडे आले. शिव्या देतील तर बरं, असं वाटलं. त्यांनी पिशवीतून चामड्याचे हातमोजे काढले. "हे घ्या. तुमचे लई पातळ हायेत, भाजंल."

मला लाज वाटली. अजून वाटते. मामांना नेणारी शिफ्टची बस सुटायला अजून दहा मिनिटं होती आणि मॅनेजर केबिनमध्येच होते. मी मोजे हातात चढवले आणि केबिनकडे न जाता भट्टीकडे गेलो.