रिंगणातली मोकळी जागा

राजारामपुरीतल्या शाळेत दीनाबाई चेऊलकर कवायत शिकवायच्या. तोंड असं फटकळ, की हेडमास्तरही त्यांना वचकून असत. रिंगण धरताना त्या एका मुलीची जागा मोकळी ठेवायला लावत. का, म्हणून विचारायची कुणाची टाप नव्हती.

ही सवय लहानपणची. साठच्या सुमारास कोल्हापुरात सात ज्यू मुलांचा एक संघ होता. दर रविवारी ती शाळेच्या याच मैदानावर रिंगण धरून हिब्रू गाणी म्हणत, आणि जो आला नसेल त्याची जागा राखून ठेवत. हा त्यांचा नियमच होता. पुढं एकेक जण इस्रायलला गेला. दीना तेवढी मागं राहिली. शेवटी निघालेली सिमा तिला म्हणाली होती, "माझी जागा धरून ठेव गं. मी येणार."

अठ्ठ्याहत्तर साली, भर दुपारी, मोकळ्या जागेकडं हात पसरून उभी असलेली जरीना एकदम ओरडली, "बाई, माझा हात कोण धरलंय? लई गार हाय की!"

मुली खिदळल्या. आता बाई खवळणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण बाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला.

"सोडू नकोस, जरीना. लांबनं आलीय ती."